बँडस्टँड : एका वाद्यमंडपाची हकीकत

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची काही मुले इटियाडोहच्या धरणावर सहलीस गेली होती. दिवस मावळतीस आला, पाण्यावरून गार वारा सुटला, आणि पलीकडच्या काठावरील कोठल्याशा गावातून लग्नाच्या वरातीचा बँड ऐकू येऊ लागला. गाव दृष्टीस पडत नव्हते, वाजविणारे तर नव्हतेच; परंतु क्लॅरिनेटचा सूर इतका स्वच्छ येत होता की, मुलांनी गाणे तत्काळ ओळखले. तेवढ्यात आठवीतील एका मुलाने प्रश्न केला, "गुरुजी, मुंबईस बँडस्टँड नावाची जागा आहे आणि तेथे मोठमोठ्या नटांचे बंगले आहेत, असे मी वाचले आहे. बसस्टँडवर बस उभी राहते. मग बँडस्टँडवर काय उभे राहते?"

मुले हसली. प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता. शब्दाची फोड करून अर्थ काढण्याची जी रीत आपण व्याकरणाच्या तासाला शिकवितो, तीच त्या मुलाने येथे लावली होती, आणि त्याचा तर्क चुकलाही नव्हता. बँडस्टँडवर खरोखरीच बँड उभा राहत असे. तो कोणाचा बँड, तो तेथे का उभा राहत असे, आणि पुढे तो तेथून कोठे गेला, हे त्या दिवशी परतीच्या घाईत नीट सांगता आले नाही. ते काम येथे करीत आहे.

बँडस्टँड म्हणजे मैदानात किंवा बागेत उंच जोत्यावर उभारलेला, चोहो बाजूंनी मोकळा आणि वर छप्पर असलेला वाद्यमंडप. तो बहुधा अष्टकोनी असतो. ही कल्पना आपल्याला सर्वस्वी परकी नाही. आपल्याकडे किल्ल्याच्या किंवा वाड्याच्या मुख्य दरवाजावर नगारखाना असे. रायगडावर राजसभेच्या समोर तो आजही उभा आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरही आहे. तेथे ठरलेल्या प्रहरी सनई-चौघडा वाजे. म्हणजे सैन्याच्या ठाण्याजवळ वाद्यांसाठी स्वतंत्र जागा बांधणे ही रीत आपलीही होती. फरक आहे तो हेतूचा. नगारखान्यातील वाद्ये धन्याच्या वैभवाची वर्दी देत, आणि ऐकणारा मान वर करून दरवाजाखालून जाई. बँडस्टँडभोवतीचा श्रोता मात्र हवा खावयास बाहेर पडलेला असे. तो बाकावर बसे, मुलांना फिरवी, कंटाळा आला की उठून जाई.

आता बँडकडे वळू. युरोपातील फौजांच्या बँडला आज जे रूप आहे, त्यात तुर्कस्तानचा वाटा मोठा आहे. तुर्की सुलतानाच्या जानिसारी पलटणींबरोबर मोठे ढोल व झांजा वाजविणारी पथके चालत. अठराव्या शतकात युरोपातील राजांनी ती वाद्ये आपल्या पलटणींत घेतली. एकोणिसाव्या शतकात पितळी वाद्यांना पडदे बसले आणि त्यांवर सारे सूर वाजविता येऊ लागले. १८४६ मध्ये अडॉल्फ साक्स याने सॅक्सोफोनचा हक्क नोंदविला. वाद्ये सुधारली, पण शिस्त सुधारली नव्हती. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ साली, स्कुतारी येथे राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसाचे संचलन झाले. दोस्त राष्ट्रांचे सेनाधिकारी समोर उभे असताना इंग्रजी पलटणींचे बँड एकाच वेळी राष्ट्रगीत वाजवू लागले, आणि प्रत्येकाची स्वररचना व पट्टी निराळी निघाली! झालेली फजिती वरिष्ठांच्या मनाला इतकी लागली की, तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, लंडनजवळ नेलर हॉल येथे लष्करी संगीताची शाळाच काढण्यात आली. ती शाळा २०२१ पर्यंत त्याच वास्तूत नांदत होती.

ह्या शिकलेल्या बँडना शांततेच्या दिवसांत काम काय द्यावे? त्यांना नागरिकांसाठी बागेत वाजवू द्यावे, असे ठरत गेले. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील बागेत १८६१ मध्ये ओतीव लोखंडाचे वाद्यमंडप उभे राहिले. त्यांचा आराखडा करणारा कॅप्टन फ्रान्सिस फोक हा लष्करी इंजिनियर होता. नंतरच्या पन्नास वर्षांत इंग्लंडात असे मंडप गावोगावी झाले. आणि केन्सिंग्टनच्या मंडपानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १८६७ मध्ये, मुंबईत कूपरेजच्या मैदानात एक मंडप उभा राहिला. आमच्या लेखाचा नायक तोच आहे. नटांच्या बंगल्यांजवळचे वांद्र्याचे बँडस्टँड ते निराळे. तेथील किनाऱ्याच्या टोकाशी १६४० मधील पोर्तुगीज किल्ल्याचे अवशेष आहेत. जुन्या काळी तेथे वाजणाऱ्या बँडचे नाव त्या साऱ्या रस्त्याला कायमचे चिकटले आहे.

कूपरेजचा मंडप जेथे आहे ती जमीन मोकळी कशी राहिली, ही कथा मंडपाहून जुनी आहे आणि तिच्यात आपल्या इतिहासाचाही धागा आहे. मुंबईचा कोट, म्हणजे भिंतीच्या आतील शहर, इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या आरंभी गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकीर्दीत तटाने वेढून घेतला. त्याला तीन मुख्य दरवाजे होते : अपोलो, चर्च आणि बाजार. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा मुंबईतील इंग्रजांची झोप उडाली. मराठ्यांचे निशाण खाडीपलीकडे येऊन ठेपले होते. कोटाभोवती खंदक खणण्याचे काम तातडीने हाती घेण्यात आले, आणि त्यासाठी मुंबईच्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी जमविली. खंदकापलीकडे शत्रूला आडोसा मिळू नये आणि तटावरील तोफांना मारा करण्यास मोकळी जागा असावी, म्हणून झाडे व घरे काढून टाकण्यात आली. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटात भयंकर आग लागली. तिच्यानंतर ही मोकळी पट्टी आणखी रुंद केली गेली. तिला इंग्रजीत एस्प्लनेड म्हणत. आपले लोक नुसते 'मैदान' म्हणत.

आज मुंबईच्या नकाशावर आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज असे मैदानाचे चार तुकडे ओळीने दिसतात. ते मूळचे एकच मैदान होय. दाट वस्तीच्या त्या शहरात लाखो मुलांना चेंडू खेळण्यास जी जागा मिळाली, ती शत्रूच्या भीतीने राखलेली होती. मराठ्यांच्या तोफा त्या मैदानावर कधी आल्या नाहीत, मुंबईच्या तटावरून त्यांच्यावर गोळा उडाला नाही. पण मैदान मागे राहिले! कूपरेज हे नावही लष्करी व्यवहारातलेच आहे. कूपर म्हणजे पिपे बनविणारा कारागीर. आरमाराच्या जहाजांवर खारविलेले मांस भरून नेण्यासाठी पिपे लागत, आणि ती बनविण्याची जागा ह्या बाजूला होती.

१८६२ मध्ये सर बार्टल फ्रिअर मुंबईचा गव्हर्नर झाला. एव्हाना तट निरुपयोगी ठरला होता. उलट त्याच्या आत हवा कोंडून रोगराई वाढत होती. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस विलायतेस जात नव्हता, त्यामुळे आपल्या वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईत पैशाला तोटा नव्हता. फ्रिअरने तट पाडून टाकविला, खंदक बुजविला. चर्चगेट नावाच्या स्टेशनावर आज रोज लाखो माणसे उतरतात, पण त्या नावाचा दरवाजा त्याच वेळी जमीनदोस्त झाला. मोकळ्या झालेल्या जागेच्या कडेला पुढील पंधरा वर्षांत सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट अशा भव्य इमारती उभ्या राहिल्या. २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेला तो हाच समूह, त्याच्या समोरच्या विसाव्या शतकातील इमारतींसह. ह्या सर्व थाटामाटात वाद्यमंडप ही अगदी लहान गोष्ट. परंतु तोफांसाठी राखलेल्या जमिनीवर पलटणीचा बँड लोकांसाठी वाजू लागला, ह्यावरून जमिनीचा धर्म बदलला हे जितके कळते, तितके हायकोर्टाच्या उंच मनोऱ्यावरून कळत नाही, असे मला वाटते.

हा मंडप प्रथम कोणासाठी होता, ह्याविषयी भाबडेपणा नको. बँड इंग्रजी पलटणीचा, गाणी विलायतेची आणि पुढच्या खुर्च्या साहेबांच्या. तरी सूर कुंपणात कोंडता येत नाही. सायंकाळी मैदानावर हवा खाण्यास पारशी, हिंदू, मुसलमान कुटुंबे गाड्या जोडून येत, चालतही येत, आणि ऐकत. वाजविणारेही हळूहळू बदलले. गोव्यात चर्चच्या जोडीने चालणाऱ्या संगीतशाळांत मुलांना स्वरलिपी वाचण्यास शिकवीत. तेथून तयार झालेले वादक मुंबईच्या पोलीस बँडमध्ये, संस्थानिकांच्या बँडमध्ये आणि पुढे बोलपटांच्या वाद्यवृंदात गेले. आपल्या वरातीतला बँडवाला खांद्यावर सोनेरी झुपके आणि डोक्यावर तुऱ्याची टोपी का घालतो, ह्याचा कधी विचार केला आहे काय? तो पलटणीच्या बँडचा पोशाख आहे. त्या दिवशी इटियाडोहच्या काठावर आपण जे ऐकले, त्याचे मूळ तेथपर्यंत जाते.

आता त्या मंडपाच्या रचनेकडे जरा शास्त्राच्या नजरेने पाहू. उघड्यावर आवाज झपाट्याने विरतो. श्रोता दुप्पट दूर गेला की आवाजाची तीव्रता निम्मी होत नाही, एक चतुर्थांश होते. म्हणून सारंगी-व्हायोलिनसारखी नाजूक वाद्ये मैदानात टिकत नाहीत. फुंकरीची आणि चामड्याची टिकतात. जोते उंच ठेवण्याचे कारण असे की, पहिल्या रांगेतील माणसांच्या अंगांनी व कपड्यांनी आवाज शोषला जाऊ नये. तो त्यांच्या डोक्यांवरून मागच्या रांगांपर्यंत जावा. छपराच्या आतून लाकडी तक्तपोशी असते. वर जाणारा सूर तिच्यावर आपटून खाली व बाहेर येतो. मंडप अष्टकोनी असण्यात दुहेरी सोय आहे. वादकांना बँडमास्तराभोवती कडे करून बसता येते, आणि चोहो बाजूंच्या श्रोत्यांना सारखेच ऐकू जाते. वर्तुळाकार मंडप आणखी चांगला, असे कोणी म्हणेल. पण वाकडी तुळई घडविण्यापेक्षा आठ सरळ तुळया जोडणे सुताराला सोपे जाते.

आणि वाजविण्याची वेळ सायंकाळचीच का? ऊन उतरलेले असते हे तर खरेच. पण दुसरेही कारण आहे, व ते तुम्ही इटियाडोहवर स्वतः अनुभवले आहे. संध्याकाळी जमिनीलगतची, विशेषतः पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा लवकर थंड होते. थंड हवेत आवाजाचा वेग कमी असतो. त्यामुळे वर निघालेल्या ध्वनिलहरी वाकून पुन्हा खाली येतात आणि दूरवर ऐकू जातात. दुपारी तोच बँड त्याच गावात वाजला असता, तर आपल्याला बहुधा फक्त ढोलाचा ठोका कळला असता.

स्वातंत्र्यानंतर इंग्रजी पलटणी गेल्या. पण मंडप सुने पडण्याचे सारे कारण एवढेच नव्हे. रेडिओ घरात आला, बोलपट आले, कर्णे आले. ज्या गोष्टीसाठी पूर्वी घराबाहेर पडावे लागे, ती घरबसल्या मिळू लागली. कूपरेजची बाग पुष्कळ वर्षे मुलांच्या घोड्यावरील फेरीसाठी ओळखली जात होती. मधल्या मंडपात काय होत असे, हे फेरी मारणाऱ्या मुलांना ठाऊकही नसे.

वापर थांबला की अशा बांधकामाचा नाश फार शांतपणे होतो. हा भाग मी थोडा विस्ताराने सांगतो, कारण जुने घर किंवा देऊळ ज्यांच्या वाट्याला आले आहे अशा पालकांनाही त्याचा उपयोग आहे. समुद्राच्या हवेत मीठ असते आणि मीठ लोखंडाचा शत्रू. लोखंड गंजले की गंजाला मूळ धातूच्या कित्येक पट जागा लागते. सांध्यात धरलेला गंज फुगून खांबाच्या पायथ्याचा दगडसुद्धा फोडतो. ओतीव लोखंड कडक, पण ठिसूळ; ते वाकत नाही, तडकते. पुष्कळ मंडपांचे खांब पोकळ असतात आणि छपरावरील पावसाचे पाणी त्यांच्या आतूनच खाली उतरते. योजना मोठी हुशारीची! पण वरच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला की पाणी आत तुंबते, आणि बाहेरून नवा रंग दिलेला खांब आतून कुजत राहतो. दरवर्षी रंग देणे म्हणजे निगा राखणे, ही समजूत येथेच फसते. रंगाचे थर एकावर एक चढून नक्षीची बोंडे व पाने गुळगुळीत होतात, आणि त्यांच्याखाली गंज आपले काम करीत असतो.

म्हणून जाणते लोक जीर्णोद्धारास आरंभ करतात तो रंगकामाने नव्हे, खरवडण्याने. थर सावकाश काढीत गेले की सर्वांत खालचा मूळ रंग सापडतो. नंतर कोणता खांब वाचवावयाचा आणि कोणता नवा ओतावयाचा, हे ठरते. जुने सागवान ठोकून पाहतात. बरेचदा वरचे बोटभर कुजलेले असते आणि गाभा शाबूत असतो. मग कुजका भाग कापून तेवढ्यापुरता नवा तुकडा सांधतात. सबंध तुळई फेकीत नाहीत. जोत्याचे दगड चुन्यात बसविलेले असतील तर दर्जाही चुन्याच्याच भराव्या लागतात. चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडते, आणि मग सिमेंट टिकते व दगड झडतो. आमच्या भागातही जुन्या विहिरींच्या बांधणीला सिमेंटचे ठिगळ मारल्यावर तिची काय दशा होते, ते अनेकांनी पाहिले असेल.

कूपरेजच्या मंडपाला दीडशे वर्षे होत आली, तेव्हा मुंबई महानगरपालिकेने त्याचा जीर्णोद्धार करविला. एवढेच झाले असते तर मी हा लेख लिहिला नसता. दुरुस्त केलेल्या पण बंद ठेवलेल्या वास्तू देशात थोड्या नाहीत. कुंपण, कुलूप आणि 'हात लावू नये' अशी पाटी, की झाले रक्षण! येथे मात्र दुरुस्तीनंतर बागेत वादनाचे कार्यक्रम पुन्हा होऊ लागले. वाजविणारे पलटणीचे नव्हते आणि श्रोत्यांत खुर्च्यांची उतरंड नव्हती. नगारखाना राजाशिवाय निरर्थक होतो. वाद्यमंडपाला राजा लागत नाही. तो कोणाच्या राज्यात बांधला गेला हे विसरण्याचे कारण नाही. पण तेवढ्यासाठी तो पडू द्यावा, हे म्हणणे मला पटत नाही. जे मैदान आपल्याच भीतीने मोकळे ठेवले गेले, तेथे आपली मुले सायंकाळी गाणे ऐकत बसली आहेत. इतिहासाने घेतलेला हा सूड मला तरी फार गोड वाटतो.

मुंबई दूर आहे, असे म्हणाल तर जवळची दोन ठिकाणे सांगतो. अर्जुनीहून गाडीने गोंदियास जाऊन पुढे नागपूरकडे निघालात, म्हणजे नागपूरच्या अलीकडे कामठी लागते. सीताबर्डीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरात झाली आणि त्यानंतर चार वर्षांनी कन्हान नदीच्या काठी ही इंग्रजांची छावणी वसली. पुष्कळ वर्षे तेथे मद्रासकडील पलटणी असत. आज तेथे भारतीय सेनेच्या गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आहे. दुसरे ठिकाण पंचमढी, म्हणजे जुन्या मध्यप्रांताची उन्हाळी राजधानी. तेथे १९५० पासून आपल्या सेनेची संगीतशाळा आहे, आणि देशातील लष्करी वादक तेथे शिकतात. दर २९ जानेवारीस दिल्लीच्या विजय चौकात सूर्यास्ताच्या वेळी जे बँड वाजतात, ते तुम्ही दूरचित्रवाणीवर पाहिले असतील. त्या समारंभाचे मूळही छावणीतच आहे : दिवस मावळला की लढणाऱ्यांना परत बोलाविणारा तो नगारा.

आणि कधी विदर्भ एक्स्प्रेसने गोंदियाहून मुंबईस जाण्याचा योग आला, तर चर्चगेट स्टेशनावरून बाहेर पडा. ओव्हल मैदान डाव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे चालू लागा. मैदान संपते, रस्ता ओलांडला की कूपरेजची बाग लागते. सायंकाळी जा. कार्यक्रम असला तर उत्तम. नसला तरी मंडपाजवळ क्षणभर थांबा, छताची आतली बाजू पाहा, एखाद्या खांबाचा पायथा निरखा. मग बागेच्या कडेच्या बाकावर जाऊन बसा आणि बरोबरच्या सोबत्याला मंडपाजवळ उभे राहून एक टाळी वाजविण्यास सांगा. ती कशी ऐकू येते, ते परत आल्यावर वर्गात सांगावे. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने हे काम आपणहून पत्करले आहे. त्याचे मामा कल्याणला असतात.